माहा पट्टा लागला नाही

१

रुपराव ओरडला तेव्हा ताशा अजून वाजत होता. मग तोही थांबला, आणि आखाडा असा चिडीचूप झाला की कौसल्येला डोळ्यांवरची पट्टी सोडायचं धाडस होईना.

शेवटी तिने ती ओढून काढली. समोर रुपराव डावा हात उजव्या मुठीत गच्च आवळून वाकला होता. बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं, खाली हौदाच्या लाल मातीत जिरत होतं. भोवती उभे असलेले सगळे तिच्याकडे पाहत होते. रुपरावकडे कुणीच नाही, सगळे तिच्याकडे.

खेळ जुना होता. एकाने तळहातावर लिंबू ठेवून हात पुढे करायचा. पट्टेकऱ्याने डोळे बांधून, ताशाच्या ठेक्यावर पट्टा फिरवत पुढे यायचं आणि बरोबर समेवर लिंबू कापायचं. लिंबू तळच्या सालीपर्यंत दुभंगलं पाहिजे, पण तळहाताच्या कातडीला धार लागता कामा नये. अठरा वर्षांची कौसल्या हा खेळ झोपेतही करील, असं खुद्द आनंदराव वस्ताद म्हणत. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा आणि पुढे लवलवतं लांब पातं, असा तो दांडपट्टा तिच्या हातात गेला की तो तिच्या हाडाचाच होऊन जाई.

पंचाहत्तर सालचा एप्रिल. जयंती तोंडावर आली होती. उत्तर नागपुरातल्या त्या वस्तीत मिरवणुकीत पहिला पट्टा जो फिरवील, तोच वस्तादांच्या मागे आखाडा चालवील, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या वर्षी वस्तादांनी कौसल्येचं नाव घेतलं होतं. रुपरावचं नाही. रुपराव त्यांचा सख्खा पुतण्या, तरीही नाही.

"म्हणून मी म्हणत होतो," मनोहरराव म्हणाले. जयंती समितीचे ते अध्यक्ष. लिंबं त्यांनीच आणली होती, कौसल्येचे डोळेही त्यांनीच बांधले होते. "पोरीच्या हातात पट्टा देऊ नका. ऐकलं कोनी?"

"काकाजी, माहा पट्टा लागला नाही."

"मंग ते रक्त काय पळसाच्या फुलाचं आहे?"

दोघंचौघं हसले. ताशावाला देवराव पुढे आला, रुपरावच्या उजव्या हाताला धरून त्याला दवाखान्याकडे घेऊन गेला. आनंदराव वस्तादांनी कौसल्येच्या हातातून पट्टा काढून घेतला, खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्याने पातं पुसलं, उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं आणि एक शब्द न बोलता ते आतल्या खोलीत निघून गेले.

ती त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. रागावतील, हात उगारतील, काहीतरी बोलतील असं तिला वाटलं होतं.

"रविवारी सकाळी बैठक," मनोहररावांनी सांगितलं. "तोवर आखाड्यात पाय ठेवाचा नाही. अन बैठकीत रुपरावच्या पाया पडून माफी मागशीन, तर खेळाले नाही पण पाहाले येऊ देऊ."

"चूक केली असती तर आजच पडली असती पाया," कौसल्या म्हणाली. "रविवारपर्यंत थांबली नसती."

२

तिची माय तुळसाबाई ज्वारी पाखडत बसली होती. बातमी तिच्या आधीच घरी पोचली होती.

"खरं सांग वं. लागला पट्टा?"

"नाही माय. पातं सालीपाशी थांबलं ते मले मनगटात कळलं. रोज कळते तसंच कळलं."

तुळसाबाईंनी सूप खाली ठेवलं. "चुकली असशीन तर आत्ता जा, पाय धर त्याचे. नसशीन चुकली तर मान खाली घालून माह्या घरात येऊ नको. आम्ही दीक्षा घेतली तवा तू पोटात होती. एवढ्या गर्दीत उभी होती मी, घोटभर पाण्याचा ठिकाणा नाही. कोनापुढं उगाच वाकाचं नाही, एवढंच घेऊन घरी आली. ते तरी राख."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या घराबाहेर पडली. पट्टा लागला नाही आणि रक्त तर निघालं. म्हणजे त्या तिघांपैकी कुणीतरी काहीतरी केलं होतं. डोळे बांधून लिंबू देणारे मनोहरराव. ठेका धरणारा देवराव. हात पुढे करणारा रुपराव. ती निघाली ती आधी देवरावकडे, कारण वस्तीत कुजबुज सुरू झाली होती की ठेकाच चुकला असेल.

देवरावचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता.

"जयभीम देवरावभाऊ. ठेका चुकला होता का गा?"

देवराव असा वळला की घमेलं हिंदकळलं. "माहा ठेका? बावीस वर्षं वाजवून राहिलो मी! तू समेवर आली, लिंबू समेवर कापलं गेलं. मले आवाज आला ना, खचकन."

"अन रुपरावभाऊ कवा ओरडले?"

तो थांबला. ओल्या बोटांनी त्याने घमेल्याच्या काठावर ठेका वाजवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सम गेली. मी पुढचा तुकडा उचलला. तो पुरा केला, अन तवा ओरडला तो." मग त्याने स्वतःच मान हलवली. "पण यात काही नाही पोरी. धारदार हत्यार लागलं की मागून कळते. माहा बोट चेनीत गेला होता, रक्त पाहून मले समजलं."

हेही खरं होतं. कौसल्या हिरमुसली. ती निघाली तेव्हा देवराव मागून सहज बोलला, "एक मात्र आहे. रुपराव नेहमी उजवा हात देते. काल डावा दिला."

३

डावा हात. म्हणजे पट्टा धरायचा उजवा हात शाबूत. मिरवणुकीला काही अडचण नाही.

पण नुसत्या संशयावर बैठकीत कोण ऐकणार? तिला लिंबू हवं होतं. पातं लिंबातून आरपार जाऊन तळहातात शिरलं असेल, तर लिंबाचे दोन तुकडे वेगळे झाले असतील आणि ते रक्ताने माखलेही असतील. गोंधळात ते कुठे गेलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आखाड्याच्या फाटकाशी रंभाबाई चहाची किटली घेऊन बसे. सत्तरीची म्हातारी, पण आखाड्यातलं पानही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"आजी, काल हौदातलं लिंबू तुम्ही पाहिलं का?"

"पाहिलं का? मीच तं उचललं."

कौसल्या पुढे सरकली. "उताऱ्याले? तीन रस्त्यांवर टाकाले?"

"हट्!" रंभाबाई भडकली. "उतारे-फितारे मी दीक्षाभूमीवर सोडून आली. मंत्र-तंत्र करतो का आम्ही आता? लोणच्यात टाकलं."

"लोणच्यात?"

"मंग फेकू? लिंबाचा भाव पाहिला का उन्हाळ्यात? धुतलं, मीठ भरलं, भिवापूरची मिरची भरली, बरणीत टाकलं."

"अन रक्त?"

"कुठचं रक्त? माती लागली होती तेवढी. रक्ताचं असतं तं मी हात लावला असता का वं?"

कौसल्या खाली बसली. "आजी, लिंबाचे दोन तुकडे होते का?"

"नाही तं. खाली जोडलेलं होतं. लोणच्याले आम्ही तसंच कापतो ना, खाली साल ठेवून, म्हणजे मसाला भरता येते. मी म्हटलं, पोरीनं माह्यं काम सोपं केलं."

रंभाबाईने बरणी आणली. मिठाने पाणी सुटलेली, तिखटाने लालभडक झालेली लिंबं. म्हातारी प्रत्येक लिंबाच्या चार फाकी करत असे. त्यात एकच लिंबू दोन फाकींचं होतं. आरशासारखा गुळगुळीत काप, आणि तळाशी नखाएवढी साल शाबूत.

ती साल कापली गेली नव्हती. मग तिच्या खालचा तळहात कसा कापला गेला?

४

रुपराव खाटेवर पडला होता. कौसल्येला दारात पाहून तो उठून बसला.

"माफी मागाले आली?"

"हात पाहाले आली रुपरावभाऊ. माह्यानं लागला म्हणता, तं पाहू तरी द्या."

"काही गरज नाही."

पण त्याची बायको गोपिका नेमकी पट्टी बदलायला गरम पाणी घेऊन आली होती. मुकाट काम करणारी बाई. ती खाटेपाशी बसली आणि तिने नवऱ्याचा हात ओढून मांडीवर घेतला. पट्टी सुटली. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत आडवा काप होता, टाके घातलेला.

कौसल्या त्याच्यासमोर उभी होती. काल होती तशीच, अगदी समोर. तिने नकळत स्वतःचा उजवा हात उचलून वरून खाली आणला. पातं बोटांकडून मनगटाकडे उभं येत होतं. आडवं यायला तिला त्याच्या बाजूला उभं राहावं लागलं असतं.

"लिंबाचा रस लय झोंबला असन," ती म्हणाली.

"झोंबला तं! जीव गेला माहा."

गोपिकेने मान वर केली. "काल तं म्हणत होते काहीच झोंबलं नाही."

"तू चूप वं!"

गोपिका चूप झाली. पट्टी बांधताना मात्र तिने गाठ इतकी आवळली की रुपराव कळवळला.

कौसल्या बाहेर पडली. आता उरला एकच प्रश्न, कशाने? आखाड्यात रुपराव लंगोट आणि बनियनवर होता, खिसा नाही. डोळे बांधण्याआधी तिने पाहिलं तेव्हा त्याचा उजवा हात पाठीमागे होता, लिंबू पडल्यावर त्याच हाताने त्याने डावा धरला असणार. दवाखान्यात नेताना तो उजवा हात देवरावच्या हातात होता. म्हणजे जे काही होतं ते तिथल्या तिथेच पडलं होतं, हौदाच्या मातीत.

पाय ठेवायची बंदी होती, डोकावायची नव्हती. ती आखाड्याच्या भिंतीपाशी गेली. टाचा उंचावून आत पाहिलं आणि जागीच थिजली.

हौदातली माती परतलेली होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ढेकूळ न् ढेकूळ फोडून. आणि माती परतायचा मान आखाड्यात एकाच माणसाचा होता.

कालची गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभी राहिली. वस्ताद पातं पुसतात. उपरणं खांद्यावर टाकतात. पाठ फिरवून जातात. त्या पाठीकडे ती किती वेळ पाहत होती! पांढरंशुभ्र उपरणं, आणि त्यावर रक्ताचा एक ठिपका नाही.

त्यांना तेव्हाच कळलं होतं.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. बारा वर्षांची असल्यापासून या माणसाने तिला उभं राहायला शिकवलं होतं. पोरीची जात म्हणून लोक हसले, तेव्हा यांनीच तिच्या हातात पहिला पट्टा दिला होता. रुपरावचा तिला नुसता राग आला होता. वस्तादांचं आठवून मात्र तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

५

रविवारी हौदाभोवती सतरंज्या पडल्या. अर्धी वस्ती जमली होती. वस्ताद खांबाला टेकून बसले होते. कौसल्या आईबरोबर आली आणि मधोमध उभी राहिली.

"बोल," मनोहरराव म्हणाले. "माफी मागतं का?"

"आधी एक वस्तू पाहा काकाजी. आजी, द्या."

रंभाबाईने पदराखालून बरणी काढली. लोक हसायला लागले. मनोहररावांनी लिंबू हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि त्यांचं हसू मावळलं.

कौसल्येने सगळं सांगितलं. ओरडणं उशिरा आलं. हात डावा दिला. जखम आडवी, वार उभा. लिंबाची खालची साल शाबूत, त्यात रक्त नाही, आणि जखमेत रस नाही.

"लोणच्याच्या लिंबाचा पुरावा!" रुपराव उसळला. "बुढीनंच कापलं असन जोडलेलं!"

"माह्या लिंबाले चार फाकी असतात रे," रंभाबाई म्हणाली. "अन माह्या विळ्यानं असा काप काढून दाखव, जन्मभर तुले फुकट चहा पाजतो."

"काकाजी, तुमचा पोरीच्या खेळाले विरोध आहे ना?" रुपराव मनोहररावांकडे वळला. "सांगा ना हिले!"

"आहे विरोध," मनोहरराव सावकाश म्हणाले. "उद्याही राहीन. पण विरोध वेगळा अन लबाडी वेगळी. पट्टा या सालीखाली गेला नाही, हे मले दिसून राहिलं." ते कौसल्येकडे पाहून म्हणाले, "मंग हात कापला कशानं?"

"ते या मातीत पडलं होतं. आता नाही. माती परतली कोनीतरी."

माती कोण परततो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकेक मान खांबाकडे वळली.

आनंदराव वस्ताद उठले. त्यांनी मनोहररावांच्या टोपलीतलं एक लिंबू घेतलं, हौदात उतरले आणि उजवा तळहात तिच्यापुढे धरला.

"घे पट्टा. माह्या हातावर काप. मंग कोनी बोलनार नाही."

कौसल्येने खुंटीवरच्या पट्ट्याकडे पाहिलंही नाही.

"तुमचा हात नको मले वस्ताद. तुम्ही तोंड उघडा."

"पोरी—"

"हात पुढं केला की लोक म्हणतीन, वस्ताद किती मोठे. अन मी? मी तशीच राहीन, संशयाची. तुम्ही पातं पुसलं. उपरण्याले काय लागलं होतं, ते सांगा. मोठ्यानं सांगा, मागच्यांले ऐकू गेलं पाहिजे."

म्हाताऱ्याने हात खाली घेतला. लिंबू घरंगळून मातीत पडलं.

"रस," ते म्हणाले. "नुसता लिंबाचा रस."

मग त्यांनी कमरेची पानसुपारीची चंची सोडली आणि तिच्यातून कागदाची पुडी काढली. पुडीत दाढीच्या पात्याचा मोडलेला अर्धा तुकडा होता.

"दुसऱ्या दिवशी पहाटे माती परतली तवा सापडला. भावाचा एकुलता एक पोरगा. मरताना त्यानं माह्या ओटीत टाकला होता. मले वाटलं, पोरीचं काय, एक साल नाही खेळली तं..." ते रुपरावकडे वळले. "पण रुप्या, हौदात पातं टाकलं तू? इथं पोरं उघड्या पायानं लोळतात. या मातीत!"

रुपरावने मान फिरवली. "लोक म्हणत होते, रुपराव पोरीच्या मागं चालनार. पोरीच्या मागं! तुम्हीच आनली ही वेळ माह्यावर."

"वेळ कोनी आनत नसते," तुळसाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "हात तुहाच होता, अन पातंही."

रुपराव उठला आणि फाटकातून बाहेर पडला. कुणी अडवलं नाही. गोपिका मात्र जागची हलली नाही.

वस्ताद कौसल्येपुढे येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडायला सुरुवात केली, तसे तिने ते धरले.

"शिकवलं तुम्ही. त्याचा जयभीम रोज घालीन. माफीचं मले अजून माहीत नाही. ते माह्यावर राहू द्या."

"मिरवणुकीत?"

"पुढं मी राहीन. हे विचाराचं कारण नाही."

६

जयंतीला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. छपरांवर, झाडांवर, ट्रकांच्या टपांवर माणसं. निळे झेंडे उन्हात फडफडत होते. देवरावचा ताशा असा कडाडत होता की काचा थरथरत. निळा फेटा बांधून कौसल्या हौसेने पट्टा फिरवत पुढे आली. गोल, मग दुहेरी गोल, मग जमिनीलगत. आणि शेवटी लिंबाची पाळी आली.

मनोहररावांनी, अजून तोंड वाकडंच ठेवून, तिचे डोळे बांधायला पट्टी काढली. "हात कोन देते?"

आखाड्यातली पोरं एकमेकांकडे पाहू लागली. दोष कुणाचा होता हे सगळ्यांना कळलं होतं, पण रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं. एक पुढे झाला, अर्ध्यावर थबकला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोरीले भेले का रे?"

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून गोपिका बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने कमरेला खोचला, टोपलीतलं लिंबू उचललं आणि भर चौकात, हजार नजरांसमोर, तळहात सरळ पुढे केला. उजवा.

"वहिनी," कौसल्या हळूच म्हणाली, "रुपरावभाऊ गर्दीत असतीन."

"असू दे. पाहू दे."

"भेव नाही वाटत?"

"तुह्या पट्ट्याचं?" गोपिका आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांत हसली. "बांध डोळे. अन देवरावभाऊ, वाजवा जोरात! अख्ख्या नागपुराले ऐकू गेलं पाहिजे."